कुत्र्यांमधला कर्करोग : गाठ दिसली की घाबरू नका, पण थांबूही नका



मागच्या वर्षीची गोष्ट. मधल्या सुट्टीत आमच्या रेणापूरच्या शाळेच्या फाटकाजवळ गोंधळ ऐकू आला. खिचडीच्या वेळेला रोज एक मोकाट कुत्री येते, लेकरं तिला राणी म्हणतात. त्याच राणीला दोघं-तिघं दगडं मारत होते. का म्हणून विचारलं, तर पाचवीतला एक जण म्हणाला, "सर, तिच्या खालून रक्त गळतंय. तिला कॅन्सर झालाय म्हणे. ती इथं बसली तर आपल्याला पण होईल." दुसऱ्या दिवशी एका पालकांनी तर विष घालायचं सुचवलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याकडंही नीट उत्तर नव्हतं. मग जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यासमोर मांडतो.

कर्करोग म्हणजे नेमकं काय?

आपलं असो की कुत्र्याचं, शरीर पेशींचं बनलेलं असतं. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि यावर शरीराचा ताबा असतो. एखाद्या पेशीवरचा हा ताबा सुटला की ती वाढतच जाते. त्यातून गाठ तयार होते आणि पुढं तिच्या पेशी रक्तातून इतर अवयवांत पोहोचतात. पण प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. चरबीची गाठ असते, गळू असतं, गोचीड चावल्याची सूज असते. नुसतं हात लावून हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. डॉक्टर बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढतात आणि काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा बऱ्याचदा निदान होतं. कधी गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

राणीचा आजार : लागण होणारा कर्करोग

कर्करोग हा संसर्गजन्य नाही, असं आपण वर्गात शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण निसर्गात मोजके अपवाद आहेत. त्यातला एक आपल्या गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांमध्ये नेहमी दिसतो. डॉक्टर त्याला 'टीव्हीटी' म्हणतात. यात जंतू नसतो, कर्करोगाची जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडं जाते. हे मुख्यतः मिलनाच्या वेळी होतं, कधी हुंगण्या-चाटण्यातूनही. म्हणून फुलकोबीसारखी लालसर, रक्त गळणारी गाठ बहुधा जननेंद्रियावर दिसते, क्वचित नाकात किंवा तोंडात.

जनुकीय अभ्यासावरून शास्त्रज्ञ सांगतात, की जगभरातल्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आलेल्या आहेत. तो कुत्रा कधीच गेला, पण त्याच्या पेशी अजून जगतायत!

आता लेकरांच्या प्रश्नाचं उत्तर. हा आजार माणसाला होत नाही. गाई-म्हशी, शेळ्यांनाही होत नाही. कुत्र्यापासून आपल्याला खरा धोका रेबीजचा असतो. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. भीती बाळगायचीच तर या गोष्टीची बाळगावी.

औषध अंगणातल्या सदाफुलीचं

टीव्हीटी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. त्यासाठी व्हिनक्रिस्टीन नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. साधारण चार ते सहा इंजेक्शनं लागतात. हे औषध मिळतं सदाफुलीपासून, जी आपल्या दारोदारी फुललेली असते. झाड मूळचं मादागास्करचं. १९६३ साली अमेरिकेत या औषधाला माणसांसाठी मान्यता मिळाली आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात. हे वर्गात सांगितलं, तेव्हा पोरं खिडकीतून शाळेच्या बागेकडं बघायला लागली.

पण इथं एक सावधगिरी. सदाफुलीचा पाला कुत्र्याला किंवा माणसाला खाऊ घालू नका, तो विषारी आहे. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं, आणि तेही वजनानुसार मोजून द्यावं लागतं. शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणून ते डॉक्टरांनीच द्यायचं.

राणीला बिस्किटाच्या आशेनं जवळ घेऊन, तोंड बांधून डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं दिली. दर आठवड्याला गाठ लहान होत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली.

सोनीचं मात्र तसं झालं नाही

सहावीतल्या एका मुलीच्या घरची सोनी. तिच्या आचळाजवळ हरभऱ्याएवढी गाठ होती. घरच्यांना वाटलं, जाईल आपोआप. लिंबाएवढी झाली तेव्हा सोयाबीनची काढणी चालू होती. दवाखान्यात नेली तेव्हा गाठ फुटली होती आणि आजार फुप्फुसापर्यंत गेला होता. सोनी वाचली नाही.

पिल्लं होऊ शकणाऱ्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी फार आढळतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्या कर्करोगाच्या निघतात. लहान असताना काढली तर शस्त्रक्रियेनं कुत्री वाचू शकते.

ही लक्षणं दिसली की दाखवा

- वाढत जाणारी किंवा आकार बदलणारी गाठ
- न भरणारी जखम
- नाक, तोंड किंवा लघवीच्या जागेतून रक्त
- वजन उतरणं, भाकरी-दुधाला तोंड न लावणं
- जबड्याखाली, मानेत गाठी
- बरेच दिवस लंगडणं (मोठ्या जातींत हाडाचा कर्करोग असू शकतो)
- लघवी-शौचाला त्रास

महिन्यातून एकदा अंगावरून हात फिरवून बघा. गाठ सापडली तर तारीख आणि आकार वहीत लिहा.

टाळता येईल का?

सगळे कर्करोग टाळता येत नाहीत, पण काही नक्की येतात. मादीची नसबंदी लवकर, पहिल्या-दुसऱ्या माजाच्या आधी केली तर स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. नेमकं वय डॉक्टरांना विचारा. पाळलेलं कुत्रं मोकाट सोडू नका. आपल्या जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशी कुत्री पाळणाऱ्यांनी जोड लावण्याआधी नर-मादी दोन्ही तपासून घ्यावेत. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणं, हे २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेचं काम आहे. त्यासाठी ग्रामपंचायत-नगरपंचायतीत अर्ज द्या. विष घालणं हा गुन्हा आहे.

आजारी कुत्र्याची काळजी

जखमेवर फिनेल, रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतू नका. अळ्या पडल्या तरी डॉक्टरांकडंच न्या. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो. कर्करोगाचं इंजेक्शन दिल्यावर काही दिवस त्याची विष्ठा-लघवी हातमोजे घालून साफ करा, लेकरांना लांब ठेवा. सुरुवात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून करा. मोठ्या तपासण्यांसाठी आपल्याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

लेकरांशी काय बोलायचं?

सोनी गेली तेव्हा घरच्यांनी मुलीला "ती शेतात पळून गेली" असं सांगितलं. पोरगी आठवडाभर दारात भाकर ठेवत होती. शेवटी आईनं खरं सांगितलं. ती रडली, पण त्या दिवसानंतर दाराकडं बघणं थांबलं. म्हणून पालकांना विनंती, सोप्या शब्दांत खरंच सांगा. "तुझ्यामुळं झालं नाही" हेही सांगा, कारण लेकरं मनात स्वतःलाच दोष देतात. वर्गात त्या प्राण्याचं चित्र काढू द्या, चार ओळी लिहू द्या.

त्या मुलीनं आता नवीन पिल्लू आणलंय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती त्याच्या अंगावरून हात फिरवते आणि वहीत लिहिते, "गाठ नाही." आणि राणी? ती आजही खिचडीच्या वेळेला फाटकाजवळ बसलेली असते. दगड कुणी मारत नाही.

तुमच्या वर्गातही हा विषय एकदा जरूर घ्या.