डाळिंबाच्या बागा पाहावयास जाण्यापूर्वीं

नवी बाग लावण्याचें मनांत आलें कीं आपल्याकडील शेतकरीबंधु चार सोबती मिळवून व एखादी गाडी ठरवून सांगोला-पंढरपूरच्या बाजूस डाळिंबाच्या बागा पाहावयास निघतात. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु गाडी कोणाची व मुक्काम कोठें याची जितकी चर्चा होते, तिच्या चौथाईनेंही काय पाहावयाचें व केव्हां पाहावयाचें याची होत नाहीं. बाग उभी करण्यांत घरची शिल्लक आणि सोसायटीचें कर्ज हीं दोन्ही गुंततात व पहिला बहार धरण्यास सुमारें दोन वर्षें थांबावें लागतें. तेव्हां दोन दिवसांच्या प्रवासाची तयारी महिनाभर आधीं आरंभिली तर ती कांहीं अधिक नव्हे.

पहिला प्रश्न वेळेचा. पुष्कळ मंडळी पौषांत जातात. मृग बहाराचीं फळें तोडणीस आलेलीं असतात, हवा कोरडी असते, ज्याची बाग साधली तो बागाईतदारही प्रसन्न असतो. तेल्या रोगाचें खरें स्वरूप अशा दिवसांत नजरेस पडत नाहीं. हा रोग जिवाणूंपासून होतो व पावसाळी दमट हवेंत पावसाच्या थेंबांबरोबर आणि वाऱ्याबरोबर झाडावरून झाडावर जातो. पानांवर व फळांवर तेलकट ठिपके उठतात, पुढें ते काळपट पडतात आणि फळ त्या जागीं उकलतें. उकललेलें फळ बाजारांत कोणी विचारीत नाहीं. म्हणून बाग पाहावयाची ती भाद्रपदांत, फळें झाडावर वाढत असतां व पाऊस चालू असतां पाहावी. त्यांतही पितृपंधरवडा सोयीचा. गणपतीची गडबड संपलेली असते व मंगलकार्यें नसल्यामुळें घरधनी घरीं सांपडतो. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेशीं मात्र हा बेत जोडूं नये. पांडुरंगाचें दर्शन व बागेची तपासणी एकाच दिवशीं उरकूं पाहणाऱ्यास दोहोंपैकीं एकही नीट साधत नाहीं, असें आमचें मत आहे.

निघण्यापूर्वीं आपल्या जमिनीची ओळख करून घ्यावी. ज्या गटांत बाग योजिली असेल तेथें दोन-तीन ठिकाणीं कमरेइतका खड्डा घेऊन माती किती खोल आहे व मुरूम कोठें लागतो, हें मोजावें. डाळिंबास हलकी ते मध्यम, निचऱ्याची जमीन मानवते. खोल काळ्या जमिनींत पाणी तुंबून राहिलें कीं मर रोगास वाव मिळतो. मातीचें परीक्षण करवून चुनखडीचें प्रमाण समजून घ्यावें. वैशाखांत आपली विहीर किती तास चालते, हेंही वहींत टिपून ठेवावें. मग तेथें गेल्यावर "एकरीं उत्पन्न किती?" या प्रश्नानें आरंभ न करितां, आपल्यासारखी जमीन व आपल्याइतकेंच पाणी असलेली बाग कोणाची, हें प्रथम विचारावें. उन्हाळ्यांत टँकरचें पाणी घालावें लागलें काय, लागलें तर किती दिवस, हेंही विचारण्यास संकोच करूं नये.

दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसाची आणखी एक सूचना. त्या गांवच्या सोयऱ्याकडून दोन-चार गटांचे क्रमांक मागवून सातबारा आधींच पाहावे. हल्लीं ते महाभूलेख संकेतस्थळावर घरबसल्या पाहतां येतात. गांव नमुना बारामध्यें पिकांची नोंद असते. मागें डाळिंब व आतां ज्वारी असें आढळलें, तर त्या खातेदाराची गांठ अवश्य घ्यावी. ज्यानें बाग काढून टाकली, त्याच्याजवळ खर्चाचा खरा हिशेब असतो आणि तो सांगण्यांत त्याला कांहीं लपवावयाचें नसतें. मात्र २०२१ पासून पीक पाहणी खातेदारानें स्वतः मोबाईलवर नोंदवावयाची असल्यामुळें कोठें नोंद राहूनही जाते. म्हणून सातबारा हा प्रश्न सुचविणारा कागद समजावा, पुरावा नव्हे.

सोलापूरजवळ केगांव येथें २००५ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेथें आगाऊ पत्र घालून दिवस ठरवून घ्यावा, मातीचा अहवाल बरोबर न्यावा व बागांत जाण्यापूर्वीं तेथें जावें. आधीं शास्त्रज्ञाकडून रोगाचीं लक्षणें समजलीं म्हणजे बागेंत डोळे कोठें लावावयाचे तें कळतें. वाणाची चर्चा फार लांबवूं नये. बहुतेक ठिकाणीं भगवाच आढळेल.

परततांना गाडींत जागा आहे म्हणून रोपें भरून आणण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा, कारण तेल्या दूरच्या गांवीं जातो तो बहुधा रोगट रोपांबरोबरच. ज्यांच्या घरीं आधींच डाळिंब आहे, त्यांनीं पादत्राणें व कपडे धुतल्याखेरीज आपल्या बागेंत पाऊल टाकूं नये. लागणीचे खड्डे उन्हाळ्यांत घेऊन तापूं द्यावयाचे असतात. म्हणजे भाद्रपदांत पाहणी केली तरी मध्यें सहा-सात महिने हातीं राहतात. रोपवाटिका स्वतः पाहून रोपांची मागणी नोंदविण्यास तेवढा अवधि पुरेसा आहे.