कायमस्वरूपी परवाना आणि वार्षिक साहाय्य शुल्क : एक विवेचन

महाविद्यालयाचे कार्यालय, ग्रंथालय व संगणक कक्ष यांसाठी सॉफ्टवेअर घेताना 'कायमस्वरूपी परवाना' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. एकदा पूर्ण रक्कम भरल्यावर दरवर्षी तांत्रिक साहाय्याचे शुल्क भरणे बंधनकारक असते काय, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या वेळी उपस्थित होतो.

येथे दोन करार वेगळे ओळखले पाहिजेत. परवाना म्हणजे सॉफ्टवेअरची मालकी नव्हे, तर विशिष्ट आवृत्ती मुदतीविना वापरण्याचा हक्क होय. साहाय्य करार ही मदत, दुरुस्ती, सुरक्षाविषयक सुधारणा व नव्या आवृत्त्या यांची मुदतबंद सेवा असते. परवान्यातच तशी अट नसेल, तर दुसरा करार संपल्याने पहिला संपत नाही.

हिशेबासाठी सर्वत्र वापरले जाणारे 'टॅली' याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा परवाना कायमस्वरूपी असतो आणि 'टीएसएस' ही नूतनीकरणाची सेवा वेगळी असते. तिची मुदत संपली तरी हिशेब ठेवता येतो. मात्र नव्या आवृत्त्या व जोडसेवा थांबतात. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीसारखा बदल झाला की जुनी आवृत्ती अपुरी पडते.

'व्हीएमवेअर'चे प्रकरणही बोधप्रद आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही कंपनी घेतली व डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. पूर्वीचे परवाने वैध राहिले. मात्र साहाय्याची मुदत संपलेल्या अनेक ग्राहकांना २०२५ मध्ये पत्रे गेली : मुदतीनंतर बसवलेल्या सुधारणा काढून टाका. आक्षेप वापराला नव्हता, सुधारणांना होता.

शुल्क न भरण्याचीही किंमत असतेच. ऑफिस २०१६ व २०१९ या आवृत्त्यांचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्या आजही चालतात, पण नव्या सुरक्षा-त्रुटी बुजवल्या जात नाहीत. उलट, ओरॅकलप्रमाणे साहाय्य शुल्क परवाना शुल्काच्या २२ टक्के असेल, तर पाच वर्षांत ते मूळ किमतीहून अधिक होते.

म्हणून निर्णय कामाच्या स्वरूपावरून घ्यावा. इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावरील टंकलेखनासाठी जुनी आवृत्ती पुरेशी ठरू शकते. विद्यार्थ्यांची माहिती, शुल्क व वेतन यांबाबत मात्र सुधारणांविना राहणे धोक्याचे आहे. खरेदीपूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : साहाय्य थांबल्यास वापर चालू राहील काय, नव्या संगणकावर पुन्हा बसवता येईल काय आणि खंडानंतर नूतनीकरणास किती रक्कम लागेल.