बैतेद्दीनचा वाडा आणि त्याचा हमाम

लेबनॉनच्या शूफ डोंगराळ प्रदेशातील बैतेद्दीन हा वाडा अमीर बशीर शिहाब दुसरा याने १७८८ पासून सुमारे तीस वर्षांत उभारला. हा अमीर ऑटोमन सुलतानाचा मांडलिक होता आणि त्याच्या घराची मांडणीही ऑटोमन खानदानी रिवाजाला धरून झाली. या रिवाजाचे मर्म नक्षीपेक्षा क्रमात आहे: शंभर मीटरांहून लांब असलेल्या बाहेरच्या अंगणात कोणीही यावे, मधल्या चौकात कारभाऱ्यांच्या कचेऱ्या असाव्यात, आणि पाहुण्यांची बैठक म्हणजे सलामलिक ओलांडल्यावरच कुटुंबाचा खासगी भाग, म्हणजे हरमलिक, लागावा.

चौकातील कारंजी केवळ शोभेची नव्हेत. एक लिटर पाण्याची वाफ होताना भोवतालची सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात चौकातील हवा निवते. हे पाणी सफा झऱ्यापासून पाट खणून केवळ उताराच्या जोरावर आणले गेले. त्यासाठी प्रजेला वेठीला धरले होते, हे कारंज्याचे कौतुक करताना विसरू नये.

वाड्याची खरी बुद्धिमत्ता मात्र हमामात दिसते (मराठीतल्या हमामखान्यातला ‘हमाम’ हाच शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला आहे). अशा स्नानगृहात जमिनीची फरशी ठेंगण्या खांबांवर तोललेली असते. भट्टीतील तप्त धूर त्या पोकळीतून फिरतो आणि भिंतींतील नळ्यांवाटे वर निघून जातो, तेव्हा दगड हळूहळू तापतो व आग मंदावल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहतो. भट्टीलगतची खोली सर्वांत उष्ण, तिच्या अलीकडची कोमट आणि प्रवेशाची थंड, असा क्रम असल्याने अंगाला उष्णता एकदम सोसावी लागत नाही. वर घुमट असतो, कारण सपाट छतावर साचलेली वाफ थेंबाथेंबाने अंगावर टपकते, तर घुमटाच्या आतल्या वळणावरून ती भिंतीकडे ओघळते. घुमटात बसवलेल्या जाड काचांच्या लहान भिंगांतून उजेड येतो, पण खिडकीएवढी उष्णता बाहेर जात नाही.

१८४० मध्ये अमीर हद्दपार झाला आणि वाडा ऑटोमन अधिकाऱ्यांकडे गेला. १९३४ मध्ये त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि १९४३ नंतर लेबनॉनचे राष्ट्राध्यक्ष उन्हाळ्यात येथे राहू लागले.