मुलाखतीचा लांबलचक दिवस आणि ‘मी’ हा शब्द

आपल्या समाजातील मुले-नातवंडे आता पदव्या घेऊन बाहेर पडत आहेत. कोणी बेर-शेवाच्या बेन गुरियन विद्यापीठातून, कोणी हैफाच्या टेक्नियनमधून, कोणी जवळच्या कॉलेजातून. ही समाधानाची गोष्ट आहे. पण पदवी हाती आली की नोकरीचा शोध सुरू होतो, आणि तेथे घरातील वडील मंडळी गोंधळात पडतात. नातू सकाळी सातला ‘रेआयोन’ म्हणजे मुलाखत आहे म्हणून बाहेर पडतो आणि दुपारी चारला गळून घरी येतो. “दिवसभर विचारतात तरी काय?” असा प्रश्न आम्हांला पुष्कळांनी विचारला. त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत. आजी-आजोबांनी ते वाचावे आणि मराठी न वाचणाऱ्या नातवंडांना जेवणाच्या टेबलावर समजावून सांगावे.

आमच्या पिढीला अशा मुलाखतीची सवय नाही. मुंबईत टाइप केलेला अर्ज, एस.एस.सी.चा दाखला आणि जमल्यास कोणाची शिफारस एवढे असले, की रेल्वेत, पोस्टात किंवा कस्टममध्ये साहेबांसमोर उभे राहता येई. दोनचार प्रश्न झाले की निकाल. इस्रायलला आल्यावर ‘लिश्कात अवोदा’ने चिठ्ठी दिली, की ती घेऊन कारखान्याच्या फाटकावर हजर व्हायचे. स्वतःविषयी तासभर बोलायची वेळ आमच्यापैकी फार थोड्यांवर आली.

मुलाखत लांबली कशी?

याची एक हकिकत याच देशातली आहे. डॅनियल कानेमान हे नाव वाचकांनी ऐकले असेल. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५५ साली ते अवघे २१ वर्षांचे, इस्रायली सैन्यात लेफ्टनंट होते. नव्या सैनिकांच्या मुलाखती सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. तोपर्यंत मुलाखत घेणारा गप्पा मारून मुलाविषयी आपले एकंदर मत बनवीत असे, आणि ती मते पुढे फारशी खरी ठरत नसत. कानेमान यांनी सहा गुण ठरवले. प्रत्येक गुणासाठी मुलाच्या मागील आयुष्याविषयी ठराविक, वस्तुस्थितीचे प्रश्न विचारायचे, त्या गुणाला १ ते ५ पैकी अंक द्यायचा आणि मगच पुढच्या गुणाकडे वळायचे. मुलाखत घेणारे कुरकुरले, “आम्हांला यंत्रमानव करता काय?” पण ही पद्धत जुनीपेक्षा पुष्कळ चांगली ठरली.

दुसरा धागा इंग्रजांकडून आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडण्यासाठी उमेदवारांना काही दिवस एकत्र ठेवून, गटाला काम देऊन पाहण्याची रीत सुरू केली. भारतीय सैन्यदलाच्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची पाच दिवसांची परीक्षा तीच. आपल्यापैकी ज्यांच्या घरात भारतीय सैन्यातले अधिकारी झाले, त्यांना ओंडका आणि दोरी घेऊन गटाने अडथळा ओलांडण्याची ती परीक्षा ठाऊक असेल.

आजची लांब मुलाखत या दोहोंच्या मिश्रणातून तयार झाली आहे. तिचा गाभा ध्यानात ठेवावा: उमेदवार कसा ‘वाटतो’ हे बाजूला ठेवून, त्याने आजवर प्रत्यक्ष काय केले आणि आज समोर काय करतो, हे पाहायचे.

दिवसभरात काय होते?

येथे दोन प्रकार आढळतात. पहिला ‘मेर्काझ हाअराखा’, म्हणजे मूल्यमापन केंद्र. बँका, सरकारी कंपन्या आणि मोठे उद्योग आपल्या उमेदवारांना अशा संस्थेत पाठवतात. तेथे घड्याळ लावून आकड्यांची व भाषेची चाचणी होते. मग स्वभावाविषयी लांबलचक प्रश्नावली. झाड किंवा माणूस काढायला सांगणे, स्वतःविषयी हाताने पानभर लिहायला सांगणे, हेही असते. त्यानंतर सहा-आठ उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवून एखादा प्रश्न सोडवायला देतात आणि परीक्षक कडेला बसून टिपणे घेतात. कधी एकाला रागावलेल्या ग्राहकाशी बोलण्याचे सोंग वठवावे लागते. शेवटी मानसशास्त्रज्ञाबरोबर एकट्याची मुलाखत.

दुसरा प्रकार कंपनीच्या कचेरीतला, विशेषतः हाय-टेकमध्ये. तेथे एकाच दिवशी तीन-चार जण एकामागून एक भेटतात. कोणी फळ्यावर प्रश्न सोडवायला सांगतो, कोणी पदवीच्या प्रकल्पाविषयी खोदून विचारतो, कोणी स्वभाव पाहतो. मागाहून ही मंडळी एकत्र बसून आपापली टिपणे ताडून पाहतात.

तयारी कशाची करावी?

आकड्यांच्या चाचणीची तयारी सोपी आहे: शेकडेवारी, गुणोत्तर, आकड्यांच्या मालिका रोज अर्धा तास घड्याळ लावून सोडवाव्यात. स्वभावाच्या प्रश्नावलीत तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा येतो. जो प्रत्येक वेळी ‘चांगले’ उत्तर शोधतो, तो स्वतःच्याच जाळ्यात सापडतो. म्हणून खरे असेल ते लिहावे. झाड कसे काढावे हे कोणाकडून पाठ करून जाऊ नये. गटाच्या कामात सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याला गुण मिळतात, अशी समजूत आहे. वास्तविक जो वेळेकडे लक्ष ठेवतो, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेतो आणि गप्प बसलेल्याला “तुला काय वाटते?” म्हणून विचारतो, तोही ठळकपणे दिसतो. मात्र पूर्ण गप्प बसणाऱ्याविषयी परीक्षकाला काहीच लिहिता येत नाही.

खरी तयारी लागते ती बोलण्याच्या मुलाखतीची, आणि आपली मुले अडखळतात ती तेथेच. आपल्या घरांतून एक वळण लावलेले असते: स्वतःची फुशारकी मारू नये. हे वळण चांगलेच आहे, ते मोडावे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम पाहा. समजा, एका मुलीला विचारले, “पदवीच्या प्रकल्पात काय अडचण आली?” ती म्हणते, “आम्ही चौघांनी प्रकल्प केला. थोडी अडचण आली, पण सर्वांनी मिळून सोडवली.” संपले! परीक्षकापुढे अंक देण्यासाठी कागद कोरा आहे. त्याने लिहावे काय?

तीच मुलगी असेही सांगू शकली असती: “आम्ही चौघे होतो. मोजणीचे आकडे रोज वेगळे येत होते. मी दोन आठवड्यांच्या नोंदी घरी नेऊन एकेक तपासल्या आणि माझ्या लक्षात आले, की उपकरण तापले म्हणजे चूक वाढते. मी मार्गदर्शकांना दाखवले. मग आम्ही मोजणी सकाळीच करायची ठरवली आणि काम मुदतीत पुरे झाले.” यात फुशारकीचा एक शब्दही नाही. जे घडले तेच सांगितले आहे. फक्त जेथे ‘मी’ होते तेथे ‘मी’ म्हटले आणि जेथे ‘आम्ही’ होते तेथे ‘आम्ही’.

सारा लेख आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहीत आहोत. लेखाला ते चालते, मुलाखतीला चालत नाही. तेथे ‘अनाख्नू’च्या आड लपणाऱ्या मुलाचे काम कोणाला दिसत नाही; आणि दुसऱ्याच्या कामाला ‘अनी’ म्हणणारा मुलगा तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. या देशात ज्याला ‘दुग्री’ बोलणे म्हणतात, म्हणजे सरळ, आडपडदा न ठेवता बोलणे, ते येथे कामी येते. नम्रता म्हणजे स्वतःचे काम लपवणे नव्हे. आपले तेवढेच आपले म्हणणे, हीच नम्रता.

पाच-सहा प्रसंग

मुलाने पाच-सहा खरे प्रसंग निवडून कागदावर उतरवावेत: अडचण सोडवल्याचा, कोणाशी मतभेद झाल्याचा, अपयशाचा, नवे काहीतरी घाईने शिकल्याचा, दुसऱ्याला मदत केल्याचा. प्रत्येकात चार गोष्टी असाव्यात: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय सोपवले होते, मी काय केले, शेवटी काय झाले. सांगायला दोन मिनिटे पुरेत. पाठांतर नको, क्रम ध्यानात असला म्हणजे झाले.

“पण मी अजून नोकरी केलीच नाही, प्रसंग आणू कोठून?” असे मुले म्हणतात. प्रसंग असतात. सैन्यातली सेवा, राष्ट्रीय सेवा, हॉटेलात वाढप्याचे काम, लहान मुलांची शिकवणी, आजोबांबरोबर कुपात खोलीमला जाऊन डॉक्टरांचे हिब्रू मराठीत समजावणे, या सगळ्यांतून जबाबदारी दिसते. सैन्यातल्या गुप्त गोष्टी मात्र सांगू नयेत. “याविषयी बोलता येत नाही” एवढे उत्तर पुरते.

येथे आजी-आजोबांनी हात द्यावा. मुलाला समोर बसवावे, प्रसंग सांगायला लावावा आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: “बाळा, त्यात तू स्वतः काय केलेस?” तुम्हांला त्याचा विषय कळत नाही, हे उलट बरे. तुम्हांला समजेल असे त्याने सांगितले, तर परीक्षकालाही समजेल. ‘प्रोतेक्सिया’ शोधत ओळखीपाळखीच्या दारी जाण्यापेक्षा ही मदत मोलाची आहे.

कायदा माहीत असावा

१९८८ च्या समान संधी कायद्यानुसार वय, स्त्री-पुरुष भेद, लग्न, मुलेबाळे, गरोदरपण, मूळ देश, धर्म, राखीव सैन्यसेवा अशा कारणांवरून उमेदवाराशी भेदभाव करता येत नाही. याच कायद्याने उमेदवाराकडे त्याचा सैनिकी ‘प्रोफील’ मागण्यास मालकाला मनाई आहे. “लग्न कधी करणार?” असे कोणी विचारलेच, तर मुलीने भांडण न करता म्हणावे, “माझ्या कामाविषयी विचारा, मी आनंदाने सांगते.” आणि ‘प्रयोगाचा दिवस’ म्हणून प्रत्यक्ष काम करून घेतले, तर त्या वेळेचा पगार मागणे गैर नाही.

तो दिवस

आदल्या रात्री नवे काही वाचू नये, वेळेवर झोपावे. बसचा मार्ग आधीच पाहून ठेवावा. तेऊदात झेहूत, ‘कोरोत खायीम’च्या दोन प्रती, पाणी आणि खाण्याचा डबा बरोबर असावा. सहाव्या तासाला पोटात काही नसले, तर हुशार मुलाचीही जीभ जड होते. चौथा माणूस तोच प्रश्न विचारतो तेव्हा कंटाळा दाखवू नये. त्याच्यासाठी तो पहिलाच असतो. उत्तर येत नसेल, तर “मला ठाऊक नाही, पण असे शोधून काढीन” असे म्हणावे. शेवटी “काही विचारायचे आहे?” म्हटल्यावर मान हलवून उठू नये. पहिल्या तीन महिन्यांत काम काय असेल, शिकवणार कोण, असे विचारावे. पगाराचा अपेक्षित आकडा ‘ब्रुतो’मध्ये आधी ठरवलेला असावा.

घरी आल्यावर जेवण होऊ द्यावे. लगेच उलटतपासणी घेऊ नये. मग मुलाने त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न वहीत उतरवावेत. पुढच्या मुलाखतीला ती वही कामी येते.

नकार आला तर तो त्या एका जागेपुरता आहे, हे घरातल्यांनी सांगावे. एका जागेसाठी अनेक जण येतात, आणि एकच जण निवडला जातो. मुलाच्या शिक्षणावर किंवा संस्कारांवर तो शेरा नव्हे. पण नकारापेक्षा एक गोष्ट अधिक जिवाला लागते: ज्याने चार वर्षे रात्रीचा दिवस केला, तो त्यातले काहीच न सांगता उठून आला, ही. नकार आपल्या हाती नाही. हे मात्र टाळणे आपल्या हाती आहे.

आपल्या पूर्वजांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा काढली, ती मुलांनी शिकावे म्हणून. मुले शिकली. आता शिकलेले नीट सांगताही यावे. या वर्षी पदवी घेणाऱ्या सर्व मुलामुलींना आमच्याकडून बेहत्सलाखा!