लहान डिझेल मोटारीची शक्ति गुपचूप वाढविणें : लाभ किती व हानि किती

डिझेल इंजिन आपल्या वाळवें तालुक्यांत नवें नाहीं. किर्लोस्करवाडीस १९१० सालीं कारखाना उभा राहिला, व पुढें १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. तेव्हांपासून विहिरीवरचें इंजिन हें कृष्णाकांठच्या बागाइतदाराचें घरचेंच माणूस झालें. डिझेलवर चालणारी लहान मोटार मात्र मागाहून आली. १९९८ सालीं टाटांची इंडिका बाजारांत आली व थोड्या खर्चांत चार माणसें नेणारी गाडी शेतकऱ्याच्या दारांत उभी राहूं लागली. पुढें १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाले, आणि मारुतीसारख्या मोठ्या कारखानदारानें डिझेल गाड्या काढणेंच सोडलें. त्यामुळें आज खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या लहान डिझेल मोटारी बहुधा जुन्या, एक-दोन हात फिरलेल्या असतात.

चिपळुणाहून परततांना कुंभार्लीच्या घाटांत अशी गाडी पांच माणसें व सामान घेऊन दमते. मग कोणी जाणता भेटतो आणि सांगतो, “बॉनेटखालीं एवढीशी डबी बसवूं, पंधरा-वीस अश्वशक्ति वाढेल, आणि बाहेरून कोणास कळणारहि नाहीं.” घरांतल्या तरुण मुलास हें बोलणें फार गोड लागतें. म्हणून या डबीच्या आंत काय आहे, व त्या गुप्ततेची किंमत कोण भरतो, याचा विचार येथें करावयाचा आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी ठरलें. त्याचें तत्त्व असें कीं, सिलिंडरांत केवळ हवा घेऊन ती इतकी दाबावयाची कीं ती अतिशय तापते. मग तींत तेलाचा बारीक फवारा सोडावयाचा, म्हणजे ठिणगीवांचून तेल पेट घेतें. पेट्रोलच्या गाडींत हवा व पेट्रोल दोन्ही कमीजास्त करावीं लागतात. डिझेलमध्यें शक्तीचा कारभार मुख्यतः तेलाच्या मापावर चालतो. परंतु एक किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. हवा तितकीच ठेवून तेल वाढविलें, तर कांहीं मर्यादेपर्यंत शक्ति वाढते, व त्यापुढें न जळलेलें तेल काजळी होऊन नळींतून काळा धूर निघतो. ही हवा वाढविण्यासाठीं टर्बो असतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतें व तें दुसऱ्या चक्राकडून हवा दाबून आंत घालतें. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्युखी यानें या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें.

शक्ति वाढविण्याच्या रीति तीन आहेत. पहिली जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांची. पंपावर तेलाची कमाल मर्यादा ठरविणारा एक स्क्रू असतो व त्यास कारखान्याचें सील असतें. सील तोडून स्क्रू फिरविला कीं तेल जास्त जातें. दुसरी रीति डबीची. नव्या गाड्यांत सर्व पिचकाऱ्यांस तेल पुरविणारी एक सामाइक दाबनळी असते व तिच्यावर दाब मोजणारा सेन्सर असतो. डबी त्या सेन्सरच्या व गाडीच्या संगणकाच्या मध्यें बसते आणि खरा दाब असेल त्याहून कमी दाब संगणकास कळविते. संगणक बिचारा दाब वाढवितो, व तेल जास्त जातें. डबीचा सगळा व्यवहार खोट्या साक्षीवर चालतो हें उघड आहे. तिसरी रीति संगणकांतला नकाशाच बदलण्याची. म्हणजे कोणत्या वेगास किती तेल व किती हवा द्यावी, याचें कोष्टक नव्यानें लिहिण्याची. तिघींत ही शास्त्राला अधिक धरून आहे. परंतु लिहिणारा जाणता असेल तरच.

आतां कोणी विचारील कीं, कारखान्यानेंच ही शक्ति का दिली नाहीं? याचें उत्तर पुण्याजवळच्या रांजणगांवीं मिळतें. तेथें फियाटचें १२४८ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन तयार होत असे, व त्याच जातीचें इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येंहि असे. त्याचा एक प्रकार ७५ अश्वशक्तीचा, दुसरा ९० चा. सिलिंडर तेवढेच, पण ९० अश्वशक्तीसाठीं कारखान्यानें नुसतें तेल वाढविलें नाहीं, तर पात्यांचा कोन बदलणारा निराळा टर्बो दिला. म्हणजे शेंकडा वीस वाढीसाठीं ज्यांनीं इंजिन घडविलें त्यांना हवेची नवी तजवीज करावी लागली. डबीवाला तीच वाढ चार तारा जोडून देऊं म्हणतो.

ती वाढ कोठून निघते? ती यंत्रांतल्या राखीव बळांतून निघते. विहिरीवरच्या इंजिनाचें उदाहरण घ्या. मिनिटाला दीड हजार फेऱ्यांचें इंजिन गव्हर्नरची स्प्रिंग ताणून साडेसोळाशें फेऱ्यांवर चालविलें, तर वेग शेंकडा दहाच वाढला. परंतु पंपास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशानें वाढते. पाणी थोडें अधिक आलेलें दिसतें; इंजिनावर पडलेला बोजा दिसत नाहीं. मोटारीचेंहि असेंच आहे. तेल वाढलें कीं धुराची उष्णता वाढते, टर्बोची चक्रें व पिस्टनचें टोक भाजतें, कमी वेगांत जोर वाढल्यानें क्लच घसरूं लागतो व गिअरबॉक्सवर ताण येतो. २०२० नंतरच्या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती लवकर तुंबते. हें सारें पहिल्या महिन्यांत होत नाहीं, म्हणूनच डबीवाल्याची कीर्ति टिकते.

आतां गुप्ततेविषयीं. ज्याचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते : जमिनीवर एक व उताऱ्यावर दुसरें असें जोंवर भांडण नाहीं तोंवर चालतें, भांडण लागलें कीं पहिल्याच दिवशीं उतारा मागविला जातो. गाडीचें नोंदणीपत्र हा गाडीचा उताराच होय. मोटार वाहन कायदा, १९८८, याचें कलम ५२ असें सांगतें कीं, उत्पादकानें मूळ ठरविलेल्या ज्या तपशिलांची नोंद नोंदणीपत्रांत आहे, त्यांशीं विसंगत असा फेरबदल मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें कलम १८२-अ घातलें गेलें. परवानगीवांचून केलेल्या फेरबदलास त्यांत सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. धुराचें प्रमाण मोडल्यास कलम १९० खालीं दहा हजारांपर्यंत दंड निराळा. याहून मोठा धोका विम्याचा. विमा कंपनीस न कळवितां केलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर दावा नाकारण्यास तिच्या हातीं आयतें कारण मिळतें. आणि ज्या दिवशीं विमा हवा त्याच दिवशीं नसणें यासारखी आपत्ति नाहीं. पुष्कळ गाड्यांच्या संगणकांत नकाशा किती वेळां बदलला याचीहि नोंद राहते. म्हणून ‘पूर्ववत् करून देतों’ या वचनावर विसंबूं नये.

संगणकांत लपविलेली गोष्ट लपून राहत नाहीं, याचें मोठें उदाहरण फोक्सवागेन कंपनीचें. तपासणीच्या वेळीं धूर कमी दाखविणारी युक्ति तिच्या डिझेल गाड्यांत असल्याचें २०१५ सालीं अमेरिकेंत उघड झालें. चाकण येथें या कंपनीचा कारखाना असल्यानें प्रकरण आपल्याकडेहि आलें, व त्याच वर्षाअखेर हिंदुस्थानांतील तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीस परत बोलाविण्याचें कंपनीनें जाहीर केलें. एवढ्या बलाढ्य कंपनीचें झांकलें नाहीं, तेथें आपली डबी कितीशी झांकणार?

मग दमलेल्या गाडीचें काय करावें? प्रथम हें पाहावें कीं, तिची मूळची शक्ति तरी शाबूत आहे काय. धुळीच्या रस्त्यानें फिरणाऱ्या गाडीची हवेची गाळणी वेळेपूर्वीं बदलावी. डिझेलच्या गाळणींतलें पाणी काढावें. टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांस भेग पडली असेल तर दाबलेली हवा वाटेंतच निघून जाते. हा दोष स्वस्तांत निघतो व पुष्कळदां सर्व रोग त्यांतच असतो. पिचकाऱ्या चांचणीयंत्रावर तपासून घ्याव्या. धुराचा कांहीं भाग परत आंत घेणाऱ्या झडपेवरची काजळी साफ करावी. ती झडप कायमची बंद करूं नये. जॅकवर चढवून चारी चाकें हातानें मोकळीं फिरतात कीं ब्रेक घांसतो, व टायरांत हवा पुरती आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. एवढें केल्यावर गेलेली शक्ति बहुधा परत येते, व तीस कोणाची परवानगी लागत नाहीं. तरीहि गाडी अपुरी पडत असेल, तर ती विकून अधिक शक्तीची घ्यावी.

जुनी गाडी घेणारानेंहि सावध असावें. पंपाचें सील तुटलेलें, दाबनळीच्या सेन्सरजवळ जोडतारा, जोरानें पेडल दाबतांच काळा धूर, चढावर इंजिनाचा आवाज वाढून गाडी मात्र न वाढणें, या खुणा दिसल्यास पूर्वींच्या मालकानें राखीव बळ आधींच खर्चून टाकलें असें समजावें, व किंमत त्या हिशेबानें ठरवावी. बैल घेतांना आपण दांत पाहतों. इंजिन घेतांना सील पाहावें.