‘कॉलेजच्या दवाखान्यात नको, तिथं शिकाऊ असतात’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात कुणी मोटारसायकलवरून हनुवटीवर आपटलं आणि नातेवाइकांना छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचं नाव सुचवलं, की ठरलेलं उत्तर मिळतं : ‘नको, तिथं शिकाऊ पोरं हात साफ करतेत.’ हे वाक्य ऐकून आता वैताग येतो, कारण त्याची किंमत रुग्ण मोजतो.

मार हनुवटीला दिसतो, पण मोडतो बहुधा कानापुढचा जबड्याचा सांधा. सूज उतरली की सगळ्यांना बरं वाटतं आणि हाड वाकडंच जुळतं. मग दातावर दात बसत नाही. लहान मुलात हा सांधा कधीकधी गोठतो : तोंड उघडत नाही, हनुवटी वाढत नाही. जे काम पहिल्या काही दिवसांत सोपं होतं, तेच नंतर अवघड शस्त्रक्रिया होऊन बसतं.

आधी ही ‘पोरं’ कोण ते पाहू. मुख व जबडा शल्यचिकित्सेचा निवासी डॉक्टर इंटर्नशिप धरून 5 वर्षांचं बीडीएस पूर्ण केलेला, नोंदणी झालेला दंतवैद्य असतो. नीट-एमडीएस देऊन तो 3 वर्षांच्या एमडीएसला येतो. भारतीय दंत परिषदेच्या 2017 च्या एमडीएस नियमांत हा सगळा प्रवास लिहून ठेवला आहे : पहिल्या वर्षाअखेर मूलभूत विषयांची परीक्षा, तिसऱ्या वर्षाअखेर अंतिम परीक्षा, प्रबंध आणि मार्गदर्शकाच्या सहीचं लॉगबुक.

त्याला पहिल्याच आठवड्यात कुणी जबडा उघडायला देत नाही. आधी रुग्ण तपासणं, ड्रेसिंग, दात काढणं. मग मोठ्या शस्त्रक्रियेत मदत. मग तारा बांधणं. आणि पुढं प्लेट बसवणं, तेही समोर प्राध्यापक उभे असताना. जबाबदारी पायरीपायरीनं सोपवण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी घालून दिली. जगभरातले सर्जन आजही तशाच पद्धतीनं घडतात. तुम्ही ज्या खाजगी सर्जनवर डोळे मिटून विश्वास टाकता, तोही एकेकाळी असाच शिकाऊ होता.

शिवाय त्याला शिकवणारे फक्त दातांचे सर नसतात. अभ्यासक्रमात इतर विभागांतही पाळी असते. भूलतज्ज्ञांकडे तो श्वासनलिका सांभाळायला शिकतो. शस्त्रक्रियेत दातावर दात जुळवून बांधायचे असतात, म्हणून भुलीची नळी बहुधा नाकातून घालतात. पण कवटीचा तळ मोडला असेल तर नाकातून नळी घालणं धोक्याचं असतं, तेव्हा हनुवटीखालून किंवा गळ्यातून वाट काढावी लागते. नाकातून पाण्यासारखा द्रव गळत असेल तर तो मेंदूभोवतीचा असू शकतो, हे मेंदूशल्यतज्ज्ञ दाखवतात. डोळ्याखालचं हाड मोडून एकाचे दोन दिसायला लागले, तर कधी थांबायचं आणि कधी घाई करायची, हे नेत्रतज्ज्ञ सांगतात. चेहरा एका विभागाच्या मालकीचा नाही, म्हणून हे सगळे शिक्षक लागतात. चांगल्या शिक्षण-रुग्णालयात रुग्णाला हाच फायदा मिळतो : एकाऐवजी चार जणांची नजर.

तरी शंका राहील, म्हणून पुरावा. अमेरिकेतल्या 60 हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास 2012 साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’मध्ये आला. निवासी डॉक्टर सहभागी असताना वेळ जास्त लागला आणि किरकोळ गुंतागुंत थोडी वाढली, हे खरं; मृत्यू मात्र वाढले नाहीत. तो अभ्यास सर्वसाधारण शस्त्रक्रियांचा आहे, पण ‘शिकाऊ म्हणजे जिवाशी खेळ’ हा समज त्यात टिकत नाही.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली पाहिजे. ही सगळी रचना शिक्षकांवर उभी आहे. प्राध्यापकांची पदं रिकामी राहिली, किंवा ते शस्त्रक्रियागृहात नुसते नावापुरते असले, तर लोकांची भीती खरी ठरेल. राग धरायचा तर रिकाम्या खुर्चीचा धरा, शिकणाऱ्याचा नको.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘दातांचा डॉक्टर चेहऱ्याचं काय करणार?’ पहिल्या महायुद्धात फाटलेले चेहरे जोडण्यासाठी गाजलेले वराझताद कझांजियन मूळचे दंतवैद्यच होते.

‘ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला.’ ओठ गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडतो. ग्रहणाचा आणि विळीचा त्याच्याशी संबंध नाही. आईला दोष देऊ नका, बाळाला डॉक्टरकडे दाखवा.

‘तोंड उघडत नाही, दाढ येत असेल.’ सुपारी-गुटखा खाणाऱ्यात तोंडाचं अस्तर आवळत जाणारा रोग असू शकतो. त्याचं वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्येच केलं होतं. त्यातून कर्करोग होऊ शकतो. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तरी रुग्ण येतच आहेत.

‘पडलेला दात गेला.’ कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभरात आणला, तर पुन्हा बसवता येतो.

1993 च्या भूकंपानंतर सास्तुरात स्पर्श रुग्णालय उभं राहिलं. चेहऱ्याला मार लागला, तर अशा जवळच्या रुग्णालयात आधी श्वास आणि रक्तस्राव सांभाळून घ्या. पुढं पाठवलं, तर त्याच दिवशी निघा. कॉलेजच्या रुग्णालयात पोचल्यावर हक्कानं विचारा : युनिटप्रमुख कोण, शस्त्रक्रिया कोण करणार, तेव्हा कोणते प्राध्यापक हजर असतील? उत्तर मिळणं हा तुमचा अधिकार आहे. ते समाधानकारक मिळालं, तर निर्धास्तपणे संमतीपत्रावर सही करा.