सोन्याचा कण, वाळूचे कवच

लोखंड गंजते आणि झिजत जाते. मग भोजनगृहातील ॲल्युमिनियमचे पातेले वर्षानुवर्षे कसे टिकते? वस्तुतः ॲल्युमिनियमचाही हवेतील ऑक्सिजनशी तत्काळ संयोग होतो. परंतु त्यातून निर्माण होणारा ऑक्साइडचा थर धातूला घट्ट धरून बसतो आणि आतील धातूपर्यंत हवा पोहोचू देत नाही. हा थर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो. चिंचेच्या आंबटपणाने तो झिजतो, म्हणून आंबट आमटी अशा भांड्यात ठेवू नये, असे आपण म्हणतो. निसर्ग जे कवच आपोआप घालतो, ते प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म धातुकणावर कसे चढवितात आणि ते खरोखर चढले हे कसे पडताळतात, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मायकेल फॅरडे यांनी 1857 साली सोन्याचे असे सूक्ष्म कण पाण्यात विखुरले, तेव्हा ते पाणी माणकासारखे लाल दिसले. सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट घालून सुमारे 15 नॅनोमीटरचे कण मिळविण्याची टर्केविच यांची पद्धत 1951 पासून प्रचलित आहे. हे कण सुमारे 520 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून द्रव लाल दिसतो. कोविडच्या अनेक तपासणी-पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ अशाच सुवर्णकणांची असते.

मात्र हे कण स्वभावतः अस्थिर असतात. द्रवात थोडे मीठ पडले, तरी ते एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळसर होतो. त्यांना अलग ठेवण्यासाठी सिलिकाचे, म्हणजे वाळूतील मुख्य ऑक्साइडचे, कवच उपयोगी पडते. ते पारदर्शक असल्याने सोन्याचा रंग झाकला जात नाही.

अडचण अशी की, सोने आणि सिलिका यांना एकमेकांची ओढ नाही. लिझ-मार्झान, गिएर्सिग आणि मुलवेनी यांनी 1996 साली यावर उपाय दाखविला. एका टोकाने सोन्याला व दुसऱ्या टोकाने सिलिकाला धरणारा रेणू त्यांनी मध्ये दुव्यासारखा योजला. त्यावर प्रथम सिलिकाचा पातळ थर बसवितात. नंतर अल्कोहोलमध्ये अमोनियाच्या साहाय्याने सिलिकॉनच्या संयुगाचे विघटन करून कवच वाढवितात. ही दुसरी क्रिया श्टोबर यांच्या 1968 च्या पद्धतीवर आधारलेली आहे. संयुगाचे प्रमाण बदलून कवचाची जाडी बदलता येते.

कवच चढले, असे नुसते म्हणून चालत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सोन्याचा गाभा गडद आणि भोवतीचे सिलिका फिकट दिसते. परंतु त्यात मोजकेच कण पाहता येतात. म्हणून संपूर्ण द्रवाची साक्ष घ्यावी लागते. कवचामुळे शोषणाची तरंगलांबी काही नॅनोमीटरने वाढते. अवरक्त वर्णपटात 1100 च्या आसपास सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाची खूण उमटते. क्ष-किरण विवर्तनात सोन्याच्या तीक्ष्ण रेषा मिळतात, तर सिलिकाचा केवळ पसरट उंचवटा दिसतो. कारण त्याच्या अणूंची रचना स्फटिकासारखी शिस्तबद्ध नसते. आणि सर्वांत सोपी कसोटी मिठाची: कवच पूर्ण असेल, तर मीठ घालूनही रंग लालच राहतो. एकच साक्षीदार पुरेसा नसतो. सर्वांची साक्ष जुळली पाहिजे.

हे ज्ञान आपल्यापासून दूर नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडविल्याचे 2004 साली प्रसिद्ध केले. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील डॉ. सुलभा कुलकर्णी व सहकाऱ्यांनी कवचयुक्त नॅनोकणांचा आढावा 2006 साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडला.

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या वसतिगृहातून उद्या कोणी अशा प्रयोगशाळेत पोहोचेल. महागडी उपकरणे त्याला तेथे मिळतील. प्रश्न विचारण्याची सवय मात्र येथूनच न्यावी लागेल. कोणी ‘आम्ही अमुक पदार्थ बनविला’ असे सांगितले की, त्याने आदराने, पण निःसंकोचपणे विचारावे: ‘तो बनला हे कशावरून?’